गायरानाच्या सभेत कापसाची गाडी

आयुष्यातल्या पहिल्या सभेला मी गाडीभर कापूस विकायला घेऊन गेलो, आणि ती सभा कापसाच्या विरुद्ध होती.

मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणून सुटका करून घ्यावी, तर तशी सोय नाही. सांगितलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, चांगलं दोनदा सांगितलं होतं. पण त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडातल्या माणसाच्या कानात कापूसच भरलेला असे, त्याला दुसरं काही ऐकू येत नसे.

दूर कुठे अमेरिकेत सख्खे भाऊ एकमेकांशी लढत होते म्हणे, तिथला कापूस बंद पडला होता आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे हात पसरून बसल्या होत्या. अमेरिका कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मी समजत होतो, मुंबईच्या थोडी पुढे असेल. पण तिथलं भांडण मिटू नये म्हणून आमच्या गावात मारुतीला नारळ फुटत. लोकांनी बांधावर कापसाची पऱ्हाटी लावली, परसात लावली. एकानं तर खळ्यात लावली आणि सुगीला ज्वारी मळायला जागा द्या म्हणत घरोघर फिरला. मीही काही कमी नव्हतो. अमरावतीला गाडी खाली केली आणि तिथून एक छत्री घेऊन आलो. पौषाच्या कोरड्या उन्हात ती उघडून मी गावातून फिरत असे आणि कुत्री माझ्यामागे भुंकत असत.

तर अशा दिवसांत हुकूम आला की पातूरच्या वाटेवरचं तीन गावांचं गायरान मोडायचं, तुकडे पाडायचे आणि जो कापूस पेरील त्याला पट्ट्यानं द्यायचं.

अक्का लहानपणी लग्न होऊन गेली होती आणि तरुणपणीच विधवा होऊन परत आली होती. आली त्या दिवशीच तिनं मला आणि माझ्या बायकोला समोर उभं करून सांगितलं होतं, "तुमच्या आंगनात राहीन, तुमच्या ताटात नाई." अंगणाच्या कोपऱ्यात तिनं वेगळी चूल मांडली. दोन म्हशी घेतल्या. म्हशी गायरानात चरत, अक्का दही-तूप पातूरच्या बाजारात नेई आणि कुणापुढे मान खाली घालत नसे. गायरान गेलं की म्हशी जाणार. म्हशी गेल्या की अक्काला माझ्या चुलीवर यावं लागणार. ती मेली असती, पण आली नसती. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि माझ्या बायकोला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. गायरानातला ओढ्याजवळचा तुकडा सोन्यासारखा होता. हुकूम आल्यापासून संध्याकाळी माझे पाय आपोआप तिकडे वळत. एकदा अक्का म्हशी घेऊन परतत होती. तिनं मला तिथं उभं पाहिलं.

"काहून रे, इथं काय करून राहिला?"

"काई नाई, असाच."

"असाच? तुहे बैल तं घरी बांधले हायेत. मंग तूच चराले आला का?"

शेजारच्या गावचे म्हातारे पाटील या हुकमाविरुद्ध उभे राहिले. त्यांनी तिन्ही गावांत घरोघर अक्षता आणि सुपारी पाठवली, लग्नाला पाठवतात तशी. निरोप एवढाच, की पट्टे वाटायला गोरा साहेब अकोल्याला येणार, त्या दिवशी सगळ्यांनी मोर्णा नदीच्या वाळवंटात सभेला यावं. सभा हा शब्द आम्ही फक्त पुराणात ऐकलेला. आमच्या माहितीतली सभा एकच, कौरवांची, आणि तिच्यात पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे बायकांना न्यावं की नाही यावर गावात बराच खल झाला. अक्का म्हणाली, "आमी जातो, तुमी पाहिजे तं घरी बसा." खल संपला.

सभेच्या सकाळी ती मला गाडी जुंपायला सांगून चार बायांना बोलवायला गेली. परत आली तेव्हा गाडी जुंपलेली होती आणि बाजूच्या तट्ट्यांच्या वर हातभर कापूस चढलेला होता.

"हे काय?"

"कापूस."

"ते मले दिसते. कायले भरला?"

"अक्का, तीन गावचे लोक एका जागी जमून राहिले. एवढे लोक जमले म्हन्जे बाजार भरनारच. एका खेपेत दोन्ही कामं."

"आपन कशासाठी चाललो, हे तुले समजलं हाये ना?"

"समजलं ना. गायरान वाचवाले."

"कोनापासून?"

मी बैलांचे कासरे हातात घेतले. गाडी खाली करायला अर्धी सकाळ गेली असती. बाया तशाच कापसावर चढून बसल्या. वाटेत त्या हळूहळू आत रुतत गेल्या, आणि अकोला दिसू लागलं तेव्हा गाडीतून फक्त पाच डोकी वर आलेली दिसत होती. त्यांतलं एक डोकं वाटभर माझ्याशी बोललं नाही.

मोर्णेच्या वाळूत उतरलो आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. हजारभर तरी माणूस असेल, पण भज्यांची कढई नाही, बांगड्यांचं दुकान नाही, पाळणा नाही. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. असं बसलेलं मी फक्त कीर्तनात पाहिलं होतं, पण इथं बुवाही नव्हते. शहाण्यानं गाडी काठावर थांबवली असती. मी विक्रीला मोक्याची जागा म्हणून ती थेट मधोमध घातली, आणि तिथं तिची चाकं आसापर्यंत वाळूत गेली. बैलांनी दोन हिसके दिले आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"अबे, हा गायरान वाचवाले आला का पेराले?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

म्हातारे पाटील काठी टेकत आले. कापसाकडे पाहिलं, माझ्या छत्रीकडे पाहिलं, मग अक्काला विचारलं, "बाई, हा तुहा कोन?"

"भाऊ हाये, पाटीलबाबा. काय करता मंग."

पाटील पुढे काही बोलणार, तेवढ्यात पलीकडच्या काठावरून चार शिपाई घेऊन हवालदार आला. साहेबाचा तंबू तिकडेच होता. साहेब दुपार कलली की याच वाटेनं चावडीवर जाणार, आणि तिथं पट्ट्यांवर सह्या होणार. वाटेत त्याला सगळ्यांनी मिळून अडवायचं आणि नाही म्हणायचं, एवढाच पाटलांचा बेत. हवालदाराला तो कळलेला होता.

"बिना परवानगी जमाव मना है," तो म्हणाला. "उठो. अपने अपने गाव जाव."

कुणी उठलं नाही. शिपायांनी काठ्या हातात नीट धरल्या. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे धोतर झटकू लागले. उठले की संपलं, हे सगळ्यांना दिसत होतं. साहेब रिकाम्या वाळवंटातून घोडा दौडत जाणार आणि संध्याकाळपर्यंत गायरान वाटून मोकळं होणार.

"जमाव कोनता?" अक्काचा आवाज आला. ती कापसातून धडपडत बाहेर येत होती, केसांत सरकी अडकलेली. "हा बाजार हाये. बाजाराले परवानगी लागते का? थो पाहा कापूस."

हजार डोकी माझ्याकडे वळली. घटकेपूर्वी मला हसणारी तीच डोकी होती. मी छत्री मिटली.

हवालदार काही दूधखुळा नव्हता. "बाजार है? ठीक. तो सौदा दिखाव."

सौदा दाखवायला माणूस शोधावा लागला नाही. कापूस जिथं थांबतो तिथं व्यापारी उगवतोच. अमरावतीच्या पेठेतला एक जाडजूड व्यापारी काठावर उभा राहून मघापासून माझ्या गाडीकडे बघत होता. तो खाली उतरला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला.

आमच्याकडे कापसाचा भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली घेणारा देणाऱ्याची बोटं धरतो. किती बोटं, कुठल्या पेरापाशी, यावरून भाव कळतो. चार माणसं शेजारी उभी असली तरी त्यांना दिसतो तो फक्त हलणारा रुमाल. सौदा पटला की घेणारा रुमाल ओढून घेतो आणि मोठ्यानं बोलतो, तेव्हा कुठे ते जगाला कळतं.

अक्का माझ्या कानाशी आली. "विकू नको. विकला का बाजार मोडला, अन् बाजार मोडला का हे डंडे घेऊन येतात. साहेब येईपर्यंत लांबव."

"अन् भाव चांगला भेटला तं?"

"तं माह्याकडे पाहाजो."

व्यापाऱ्यानं पहिला भाव दिला. मी मान हलवली. त्यानं एक बोट वाढवलं. मी मान हलवली. त्याला वाटलं, भेटला बुवा कुणीतरी पक्का. त्याच्या कपाळावर घाम आला आणि मला मजा वाटू लागली. हवालदार वाकून वाकून रुमालाकडे पाही. "अंदर क्या चल रहा है?" "सौदा, हवालदारसाहेब. बाजारात आनखी काय चालते?" त्याला काही म्हणता येईना.

मग व्यापाऱ्यानं माझी सगळी बोटं एकदम मुठीत दाबली. असला भाव मी कधी स्वप्नातही घेतला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे दुसरी बैलजोडी आली, बायकोच्या हातातल्या पाटल्या आल्या, आणखी एक छत्रीसुद्धा आली. होकारासाठी माझं तोंड उघडलं. त्याच क्षणी अक्काची टाच माझ्या अंगठ्यावर अशी आली की होकाराच्या जागी "नाईऽऽ!" अशी किंकाळी बाहेर पडली, वाळवंटाच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशी.

मागे बसलेल्यांना काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्यांना वाटलं सभा सुरू झाली. त्यांनीही आरोळी दिली, "नाई!"

पुढे म्हातारपणापर्यंत मी पुष्कळ सभा पाहिल्या, त्यांत लोक कसकशा घोषणा देतात तेही ऐकलं. आमच्या त्या पहिल्या सभेची घोषणा "नाई" एवढीच होती, आणि ती एका अंगठ्याच्या जिवावर निघाली होती. पण एकदा निघाली ती थांबेना. व्यापारी बोट वाढवी, मी "नाई" म्हणे, आणि हजार गळे ते उचलून धरत. हवालदार चारी बाजूंना पाहू लागला. बाजारात लोक नाही म्हणाले म्हणून कुणाला हाकलता येत नाही. माझी छाती फुगली. अंगठा ठणकत होता, तरी मी मान अशी झटकू लागलो की जणू लंकेच्या दरबारात अंगद उभा आहे.

उन्हं कलली आणि साहेब आला. पांढरा घोडा, शेजारी तट्टावर तहसीलदार. व्यापाऱ्यानं रुमाल उचलला आणि तो गर्दीत नाहीसा झाला. साहेब लोकांकडे बघण्याआधी कापसाकडे बघत होता.

"ये किसका माल है?"

तहसीलदार हुशार माणूस. साहेबाचा शब्द पुरता व्हायच्या आधीच त्यानं तो उचलला. "साहेब विचारतात, तुमच्या सभेच्या मधोमध कापूस उभा आहे. प्रत्येकाच्या घरात कापूस आहे. कापूस पाहिजे, आणि कापसाला जमीन द्यायची नाही, हा काय न्याय झाला?"

सगळ्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं. खरंच होतं ते, आणि त्याला मीच कारण होतो. आता खाली मान घालून उभं राहणं एवढंच माझं काम होतं. पण दुपारभर नाही म्हणून म्हणून माझ्या डोक्यात वारं शिरलं होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं तरी मी गाडीवर चढलो.

सुट्या कापसावर उभं राहून भाषण करता येत नाही, ही गोष्ट जन्मभर कापूस तुडवणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवी. "साहेब," मी म्हणालो, "हे गायरान आमच्या बापाचं हाये," आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. "आमच्या आज्याचं हाये," मांडीपर्यंत. पणज्याशी पोचलो तेव्हा कमरेपर्यंत बुडालो होतो आणि हातातली छत्री हवेत फिरत होती. साहेब मोठ्यानं हसला. शिपाई हसले. माझ्याच गावचे लोक हसले.

तहसीलदार तट्टू पुढे घेऊन आला आणि गोड आवाजात म्हणाला, "तुला पहिला पट्टा दिला तर? ओढ्याजवळचा?"

तो तुकडा त्यानं कसा ओळखला ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित चांगली जमीन सगळ्यांनाच दिसते. माझ्याही डोळ्यांपुढे ती उभी राहिली, नांगरलेली, काळीभोर. मी अक्काकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, वाळूकडे पाहत होती. पाचही बाया वाळूकडे पाहत होत्या. माझे पाय कापसात खोल होते, तिथं कुणाची टाच पोचणार नव्हती.

"नाई," मी म्हणालो. या वेळी हळू म्हणालो. तरी लोकांनी ते उचललं.

तहसीलदारानं खांदे उडवले. "ठीक. तू नको घेऊस. दुसरा घेईल."

तेही खरंच होतं. आरोळ्या देणाऱ्यांतच दहा जण निघाले असते. तेव्हा अक्का पुढे झाली, थेट घोड्यापर्यंत.

"घेऊ द्या ना. पेरू द्या. पन वेचन कोन?"

तहसीलदार म्हणाला, "वेचणाऱ्या बाया वेचतील."

"त्याच तं आमी होय." तिनं मागं हात केला. "आमी तीन गावच्या बाया त्या वावरात सीतादही घालनार नाई. बोला आता."

पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया दहीभात घेऊन वावरात जातात, पऱ्हाटीला नैवेद्य दाखवतात, मग ओटीत पहिलं बोंड पडतं. सीतादही झाल्याशिवाय आमच्याकडची बाई फुटलेल्या बोंडाला बोट लावत नाही, मग मालक पाटील असो की सुभेदार. माझ्या गाडीतल्या चौघी अक्काच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मग पलीकडच्या गावच्या उठल्या. मग सगळ्याच. वाळवंटात बसलेले राहिले ते फक्त पुरुष.

"दुसऱ्या गावांतून बाया आणू," तहसीलदार म्हणाला.

"आना. वेचनीच्या तोंडावर एखादी रिकामी भेटली तं मलेही सांगजा, मीही पाहीन तिले. अन् सीतादह्याले दही कुठून आनसान? दही माह्या म्हशीचं असते. म्हैस गायरानात चरते."

एक म्हातारी मागून ओरडली, "बोंड थांबत नाई, बावा! दोन दिवस नाई वेचलं का वाऱ्यानं मातीत!"

साहेबाचं हसू थांबलं होतं. त्यानं तहसीलदाराला काहीतरी विचारलं. सीतादही म्हणजे काय ते तहसीलदार इंग्रजीत समजावू लागला. ते काम बराच वेळ चाललं. त्याचे हात दही घुसळत होते, नैवेद्य दाखवत होते, आणि साहेब कधी त्याच्याकडे, कधी उभ्या बायांकडे पाहत होता. कापूस न वेचता मातीत गेला तर विलायतेला काय जाईल, एवढा हिशेब त्याला नक्कीच येत होता. शेवटी तो दोन शब्द बोलला आणि घोडा वळवला, चावडीकडे नव्हे, तंबूकडे. तहसीलदार म्हणाला, "या साली गायरानाचं राहू द्या म्हणतात साहेब."

या साली. पाटलांनी ते दोन शब्द नीट ऐकले. ते लोकांकडे वळून म्हणाले, "पुढच्या साली पुन्हा येऊ. हीच जागा." आणि आम्ही आलोही. तोवर अमेरिकेतलं भांडण मिटलं, भाव कोसळले आणि गायरान मागणारेच उरले नाहीत, ही गोष्ट वेगळी. माझ्या गाडीतला कापूसही मी त्या पडत्या भावातच विकला. तो अमरावतीचा व्यापारी मला पेठेत दिसला, आणि त्यानं रुमाल खांद्यावरून काढलासुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी राजा होतो. सगळ्या सभेनं खांदे लावून गाडी वाळूतून बाहेर काढली. बाया वर चढल्या आणि मी बैल पातूरच्या वाटेला लावले. वाटभर मी बोलत होतो. साहेबाचं तोंड कसं उतरलं, मी बाप कसा काढला, आजा कसा काढला, आवाज कसा खणखणीत लागला, पुढच्या साली काय काय बोलायचं ते सगळं मी सांगत होतो. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी राहवलं नाही तेव्हा मी मागे वळून विचारलं, "अक्का, मी बोललो ते लोकायले पटलं ना?"

अक्का केसांतली सरकी वेचत होती. तिनं हात थांबवला नाही.

"उद्यापासून तू म्हशी नेत जाय गायरानात," ती म्हणाली. "बोलाची एवढी हौस हाये तं त्यायच्यापुढे बोल. लोक बिचारे दाटीत अडकले व्हते, म्हशीयले उठून तरी जाता येते."